भुऱ्याचा कळप

गंधकक्षाच्या भिंतीवर माणदेशाचा नकाशा उजळला होता आणि त्यावरचे हिरवे ठिपके नको तिथे होते.

एकेक ठिपका म्हणजे एकेक कुत्रा. कुत्र्याच्या गळ्यातला मागपट्टा थोड्या थोड्या वेळानं आपला ठावठिकाणा उपग्रहाला कळवी आणि तो माळरान श्वान केंद्राच्या या भिंतीवर उमटे. एरवी हे ठिपके मेंढरांच्या कळपांबरोबर माळावरून सावकाश सरकत. आज, दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि जवळजवळ सगळे ठिपके डांबरी रस्त्यांच्या कडेला येऊन थांबले होते. कळप केव्हाच पुढे गेले होते.

“पट्टे बिघडले,” डॉ. निरंजन लिमये म्हणाला. तो केंद्राचा गंधरसायनतज्ज्ञ. बिघाड यंत्रात असला की त्याला बरं वाटे.

“सगळे एकदम? आणि सगळे रस्त्याच्या कडेलाच?” डॉ. सुलक्षणा बंडगर यांनी चष्मा कपाळावर चढवून नकाशाजवळ नाक नेलं. “मेंढपाळांचे फोन काय म्हणतात?”

“तेच म्हणतात, बाई. कुत्रा रस्त्यावर बसून राहिलाय. खातो, पितो, शेपूट हलवतो. मेंढरांकडे मात्र ढुंकून बघत नाही. एक जण म्हणाला, आमचा कुत्रा रुसलाय, तुम्ही येऊन समजूत काढा.”

“मग साथ नाही. साथीत कुत्री पडतात.”

“रस्त्याच्या डांबरात काही असेल? वाहनांचा आवाज? उपग्रहाच्या लहरी?”

“निरंजन, तुला काहीच कळत नाहीये ना?”

“नाही.”

“मलाही नाही. म्हणजे निदान दोघं एका जागी तरी आहोत.”

सुलक्षणाबाईंचं सगळं आयुष्य धनगरी कुत्र्यांवर गेलं होतं. वडील मेंढपाळ होते. बाई शिकून पशुवैद्य झाल्या, मग श्वानवर्तनाच्या अभ्यासक झाल्या. निवृत्त होऊनही त्यांना केंद्रानं सल्लागार म्हणून धरून ठेवलं होतं. कारण साधं होतं. माळरानं राखीव झाल्यावर लांडगे वाढले. लांडगा मेंढरू नेई, आणि चिडलेला मेंढपाळ मेलेल्या मेंढरात विष घालून ठेवी. विष नको असेल तर चांगला राखणीचा कुत्रा हवा. आणि अस्सल धनगरी कुत्रा तर गावातल्या कुत्र्यांत मिसळून जवळपास संपला होता. केंद्रानं उरलीसुरली चांगली कुत्री गोळा केली, त्यांची वीण वाढवली आणि पिल्लं मेंढपाळांना द्यायला सुरुवात केली.

परदेशातली मेंढवळी कुत्री मेंढरं हाकतात, वळवतात, डोळा रोखून कोपऱ्यात कोंडतात. आपला धनगरी कुत्रा यातलं काही करत नाही. मेंढरं वळवायला मेंढपाळाची हाळी असते. कुत्र्याचं काम एवढंच, की जे आपलं आहे त्याला परक्यानं हात लावता कामा नये. आणि हे त्याला शिकवावं लागत नाही. बाईंच्या लहानपणी वडील डोळे उघडलेलं पिल्लू सरळ कोकरांच्या डालग्याखाली, म्हणजे मोठ्या उलट्या टोपलीखाली, सोडून देत. रात्रभर पिल्लू आणि कोकरं एकमेकांच्या अंगावर झोपत. सकाळी डालगं उचललं की पिल्लाच्या अंगाला मेंढीच्या दुधाचा, लेंड्यांचा आणि कोकराच्या ओल्या लोकरीचा वास येई. आई नाक मुरडे. वडील म्हणत, “झालं ह्याचं शिक्षण.”

शास्त्रानं याला पुढे नाव दिलं. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याच्या मेंदूचं एक दार उघडं असतं. केंद्रात त्याला ओळखकाळ म्हणत. त्या काळात नाकाला जे सतत भेटेल ते ‘आपलं’. पुढे दार मिटतं, आणि ‘आपलं’ म्हणजे काय हे त्या कुत्र्याच्या बाबतीत आयुष्यभरासाठी ठरून जातं.

निरंजननं याच दारावर आपलं काम उभं केलं होतं. प्रत्येक पिल्लामागे कोकरं आणि डालगी कुठून आणायची? त्यानं कळपाचा वास यंत्रानं मोजला, त्याची गंधरेखा काढली आणि तोच वास कुपीत भरला. ओळखकाळातली पिल्लं गंधकक्षात ठेवायची आणि गंधफवारकातून रात्रंदिवस कळपगंध सोडायचा. पिल्लू एकही मेंढरू न पाहता मेंढरांचं होई. चार महिन्यांचं झालं की कळपात जाई आणि जणू घरी आल्यासारखं मेंढरांत घुसून झोपे. गेल्या आठ महिन्यांत एकाही कुत्र्यानं तक्रारीला जागा दिली नव्हती.

आणि आता सगळी रस्त्यावर बसली होती.

*

तुळसा यमगर हिचा तळ रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होता. केंद्राची गाडी थांबलेली बघताच ती पदर खोचत आली. तिच्यामागून नवरा म्हाळू. तो मात्र आला नसल्यासारखाच आला, दुसरीकडे बघत.

“आक्का, बगा ह्याचं काय झालंय. दृष्ट काढली, गंडा बांधला. भाकरीवर तूप घातलं.”

“मला कोरडी भाकरी आन् कुत्र्याला तूप,” म्हाळू म्हणाला.

“तुमी कुठं रुसून बसलाय रस्त्यावर? बसा, तुमालाबी घालते.”

भुऱ्या बाभळीखाली बसला होता. वर्षाचा तरणा कुत्रा. खोल छाती, उंच सडसडीत पाय, आखूड दाट केस आणि रंग असा की माळावर पडून राहिला तर मातीचा उंचवटा वाटावा. गळ्यात मागपट्ट्याच्या वर खिळ्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. बाईंनी त्याच्याजवळ बसकण मारली. हिरड्या बघितल्या, कानांत बोट घालून गोचिडी चाचपल्या, पंजे उलटे करून बोटांमधला एक काटा काढला. भुऱ्यानं सगळं करू दिलं.

“साबण लावला होता का अंगाला?”

“न्हाय बा. तुमीच सांगितलंय, राखणीच्या कुत्र्याला साबण नको, बांधून ठेवू नको, दोन येळा ताक-भाकरी. समदं तसंच हाय.”

“मेंढरांत नेऊन बघितलंत?”

“उचलून नेलं. पुना हितं.”

कळप चरत चरत अगदी जवळून गेला. दिवाळीनंतरची कातरणी नुकतीच झाली होती. मेंढ्या उघड्याबोडक्या, लाजल्यासारख्या चालत होत्या. लोकरीला भाव उरला नव्हता, म्हणून या भागात हल्ली वर्षातून एकदाच कातरत. एक म्हातारी मेंढी भुऱ्याला हुंगायला आली. त्यानंही तिला हुंगलं आणि मग वाटेत कुणा अनोळखी माणसानं उगाच हसून बघावं आणि आपण मान फिरवावी, तशी मान फिरवली.

“अगं बाई,” तुळसा म्हणाली. “तिच्या पोटाशी झोपायचा ह्यो! येडं झालंय काय?”

निरंजन बाभळीभोवती फिरत होता. काट्यांना लोकरीचे पुंजके अडकले होते. त्यानं सहज एक काढून बोटांत चुरगळला. भुऱ्या ताडकन उठला. निरंजनच्या मुठीला नाक लावून तो असा काही कण्हला की म्हाळूनंसुद्धा इकडे बघितलं.

“ही लोकर इथे कशी?” बाईंनी विचारलं.

“हितंच गोण्या ठिवल्या हुत्या,” तुळसा म्हणाली. “व्यापाऱ्याचा ट्रक आला, भरून घिऊन गेला.”

“आणि कातरल्यावर मेंढरांचं काय केलंत?”

“दरसालासारखं. गोचिडीच्या औषदाच्या पाण्यातनं काढली.”

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की आणखी काही, हे निरंजनला कळलं नाही.

“निरंजन, कळपगंधाचा नमुना कशावरून घेतला होता आपण?”

“लोकरीवरून. म्हणजे... जिवंत मेंढी गंधकक्षात आणायला रोगनियंत्रण समितीची परवानगी नव्हती. तुम्हीच भांडला होतात तेव्हा. मग मी कातरलेल्या लोकरीची गोणी मागवली. लोकर म्हणजे मेंढीच की!”

“तुझ्यासाठी. याच्यासाठी लोकर म्हणजे लोकर.” त्यांनी भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. “दूध नाही, श्वास नाही, लेंडी नाही. मेंढीच्या वासातला एकच धागा तू याला दिलास, आणि तो धागा आपण कातरून ट्रकमध्ये भरला. उरलेल्या मेंढीवर औषधाचं पाणी.”

“पण मेंढी त्याला दिसते ना, बाई! आठ महिने पाहिलीय.”

“दिसणं म्हणजे कुत्र्याच्या लेखी ऐकीव माहिती. खरी ओळख नाकाची. हा रुसलेला नाही रे. हा कळपाची वाट बघतोय. त्याच्या हिशेबानं सगळा कळप गोण्यांत बसून या रस्त्यानं गेला.”

तुळसानं पदर तोंडाला लावला. तिला हसावं की रडावं ते समजेना. “आन् ही मेंढरं कुणाची मग?”

“त्याच्या मते? कुणाची तरी भटकी जनावरं.”

*

उपाय करायचा म्हटलं तर काहीच नव्हता. ओळखकाळाचं दार मिटलेलं. नव्या पिल्लांसाठी गंधकक्षात खऱ्या मेंढ्या आणायच्या हे ठरलं. समितीनं आता हूं की चूं केलं नाही. जुन्यांसाठी मात्र वाट बघायची. लोकर वाढेल, वास परतेल, तशी कुत्री परततील.

झालंही तसंच. मार्गशीर्षात नकाशावरचे ठिपके एकेक करून रस्ता सोडून कळपांत जाऊ लागले. पौष लागला तेव्हा एकच ठिपका परतायचा राहिला होता. तो रस्त्यावरही नव्हता. तुळसाच्या तळापासून थोड्या अंतरावर एक खडकाळ घळ होती, तिथे तो दिवसचे दिवस थांबे.

तुळसाचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखी बोलली नाही.

“आक्का, या. भुऱ्या लांडगीजवळ हाय.”

“जवळ म्हणजे? मारलं तिनं?”

“मारलं असतं तर फोन केला नसता. तिच्या दारात बसतोय. ह्येंनी डोळ्यांनी बगितलं. समद्या तळांची माणसं जमली हुती. म्हनत्यात, फितूर कुत्रं. तळाची खडान्खडा म्हायती हाय त्याला, उद्या लांडगीला वाट दावील. मारायचं ठरलंय.” ती थांबली. “ह्येंनी शब्द दिलाय. म्हसवडच्या बाजाराच्या आदी.”

“म्हाळूनं? स्वतः?”

“दुसऱ्यानं मारण्यापरीस आपून मारलेलं बरं, म्हनत्यात. पर परवापास्नं जेवत न्हायत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलक्षणाबाई आणि निरंजन घळीच्या समोरच्या उतारावर पोटावर पडून दुर्बिणीतून बघत होते. बाईंच्या वयाला हे शोभत नाही असं निरंजन दोनदा म्हणाला. बाईंनी दोन्ही वेळा त्याला गप्प केलं.

समोर कपारीत लांडगीची गुहा होती. तोंडाशी भुऱ्या पसरला होता. त्याच्या पाठीवर एक पिल्लू चढत होतं, दुसरं शेपूट ओढत होतं. तिसऱ्यानं त्याच्या कानाला दात लावले तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले, कोकरं अंगावरून उड्या मारत तेव्हा मिटी तसेच. थोड्या वेळानं लांडगी बाहेर आली. हडकुळी होती, सड ओघळलेले. भुऱ्याला वळसा घालून ती शिकारीला निघून गेली. तो भुंकला नाही. तीही गुरगुरली नाही.

“हे शक्य नाही,” निरंजन कुजबुजला.

“गुहेच्या तोंडाशी जमिनीवर काय पडलंय बघ.”

त्यानं दुर्बीण फिरवली. मळकट पांढरे पुंजके. कातड्याचे तुकडे. लांब लोकरीचे.

“मेंढरांची लोकर. लांडगीनं नेलेल्या मेंढरांची.”

“दिवाळीच्या आधी नेलेल्या. म्हणून लोकर लांब आहे. सगळ्या माळावर त्या वासाची एकच जागा उरली होती. बाकीची कुत्री रस्त्यावर बसली, कारण त्यांच्या आसपास दुसरं काही नव्हतं. याला वारा अनुकूल मिळाला. हा आपल्या कळपाचा माग काढत इथे आला आणि त्याला तो सापडला.”

“आणि पिल्लं?”

“लोकरीवर लोळून मोठी होताहेत. त्यांना कसला वास येत असेल?”

निरंजननं दुर्बीण पुन्हा पिल्लांवर नेली. “म्हणजे ती त्याची मेंढरं आहेत.”

“कोकरं.”

“आणि लांडगीनं त्याला कसं ठेवून घेतलं?”

“ते मला सांगता येणार नाही. जोडीदार दिसत नाही तिचा. विषानं गेला असेल. एकट्या बाईला दारात कुणी बसलेलं बरं वाटत असेल. पण हे शास्त्र नाही, हा माझा अंदाज.”

“बाई, पण ओळखकाळ लांडग्याच्या पिल्लांनाही असतो ना?”

“असतो. थोडा लवकर सुरू होतो, लवकर संपतो.”

“मग गुहेत तर लोकर नेहमीच असणार. पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याची पिल्लं लोकरीच्या वासात वाढली. तुमच्या-माझ्या सिद्धान्तानं सगळ्या लांडग्यांना मेंढरं आपली वाटायला हवीत!”

“वाटतातच की.”

“आपली म्हणजे?”

“आपली म्हणजे आपली. एवढंच नाकातून येतं. त्या आपल्याचं पुढे करायचं काय, ते आई दाखवते. डोळा रोखायचा, दबा धरायचा, पाठलाग करायचा, धरायचं, मारायचं. साखळी आहे ती. आपल्या कुत्र्यात ती साखळी झोपलेली आहे, एवढाच दोघांत फरक.”

निरंजननं दुर्बीण खाली ठेवली. खाली घळीत भुऱ्या उठला, कानाला लोंबकळणाऱ्या पिल्लाला जिभेनं उलटं पाडून चाटू लागला.

“या पिल्लांना तर दाखवणारी दोघं आहेत, लांडगी आणि भुऱ्या,” तो म्हणाला.

बाईंनी आपली दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

*

सुलक्षणाबाईंनी म्हाळूकडे एक संध्याकाळ मागून घेतली. कुत्रा आपल्या पायांनी तळावर आला तर त्याला हात लावायचा नाही. न आला तर म्हाळूनं आपला शब्द पाळावा, बाई मध्ये येणार नाहीत. म्हाळूनं मान डोलावली. हातातली कुऱ्हाड मात्र खाली ठेवली नाही.

निरंजन व्यापाऱ्याच्या वखारीतून न धुतलेल्या लोकरीची गोणी घेऊन आला होता. उन्हं कलायला लागली तशी लांडगी घळीतून बाहेर पडून टेकाडापलीकडे गेली. मग बाईंनी आणि निरंजननं घळीच्या तोंडापासून तळापर्यंत दगडांखाली, झुडपांवर लोकरीचे पुंजके ठेवत माग तयार केला. उरलेली गोणी वाघरीपाशी मोकळी केली. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं जाळ्याचं कुंपण. मेंढरांच्या अंगावर आता बोटाच्या पेराइतकी लोकर आली होती. वारा तळाकडून घळीकडे वाहत होता. याहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं.

तुळसा घोंगडी पांघरून उभी होती. डोळे घळीच्या वाटेवर. “यील का हो, आक्का?”

“यायला हवा.”

“हवा म्हंजे? तुमाला ठावं न्हाय?”

“कळपाच्या मागे जाईल एवढं ठाऊक आहे. कळप कुठे आहे हे त्याचं त्यानं ठरवायचंय.”

आधी खिळ्यांचा पट्टा चमकला, मग भुऱ्या दिसला. एका पुंजक्याकडून दुसऱ्याकडे, नाक जमिनीला लावून, मधूनच थांबून मागे बघत तो येत होता. तुळसाच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. ती दोन पावलं पुढे गेली आणि तिथेच खिळली.

भुऱ्या मागे का बघत होता ते आता दिसलं. त्याच्या मागून, धडपडत, दगडांवरून कोलांटत, लांडगीची तिन्ही पिल्लं येत होती. तीही पुंजक्यांना नाक लावत होती. लोकरीचा वास आणि त्या वासाचा तो मोठा भुरा प्राणी, एवढंच त्यांच्या जगात आपलं होतं, आणि ते दोन्ही या वाटेनं चाललं होतं.

“बाई,” निरंजन म्हणाला, “हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?”

“गप्प राहा.”

वाघरीतली मेंढरं एका अंगाला दाटली. म्हाळू पुढे झाला. “बगा! म्हनलं हुतं न्हवं? आनलं लांडग्याला घरात!” त्यानं कुऱ्हाड उचलली, ती पिल्लांवर. भुऱ्या मध्ये आला. त्यानं दात दाखवले नाहीत. पाय रोवले, मान खाली घातली आणि पोटातून गुरगुरला. ज्या हातची भाकरी खाल्ली त्या हातावर तो पहिल्यांदाच गुरगुरत होता. म्हाळूचा हात वरच राहिला. त्याचा चेहरा रागानं नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी वेडावाकडा झाला होता.

“म्हाळू, तो फितूर नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला ती कोकरं वाटतात. तू त्याच्या कोकरांवर कुऱ्हाड उगारलीयस. अशा वेळी त्यानं काय करावं म्हणून पाळलंयस त्याला?”

म्हाळू बघत राहिला. एक पिल्लू त्याच्या वहाणेपर्यंत पोचलं, वहाण हुंगली आणि तिच्यावर बसलं.

“आन् समद्या तळांना काय सांगू मी?” तो अखेर ओरडला. “शब्द दिलाय मी! कळप सोडून गेलेलं कुत्रं मारीन म्हनून!”

“सोडून कवा गेला?” तुळसा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, पण डोळ्यांत काहीतरी लुकलुकत होतं. “सांगा त्येंना, कळप सोडला न्हाय त्यानं. वाढवून आनला.”

म्हाळूच्या तोंडातून आधी एक शिवी आली आणि तिच्या पाठोपाठ हसू. त्यानं कुऱ्हाड खाली टाकली, मटकन दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो हसत होता की रडत होता ते तुळसानं बघितलं नाही. ती भुऱ्याच्या गळ्यात पडली होती. तिच्या घोंगडीत नाक खुपसून भुऱ्या शेपूट हलवत होता.

तेवढ्यात टेकाडावरून लांडगीची साद आली. मेंढरं थरारली. भुऱ्यानं कानही टवकारला नाही. ती तर रोजची, आपल्याच वासाची. सुलक्षणाबाई भानावर आल्या.

“निरंजन, गोणी आण. ही पिल्लं तिच्या हवाली करायला हवीत, आत्ता. ती इथे आली तर हा तिला अडवणार नाही.”

त्यांनी तिन्ही पिल्लं गोणीत घातली आणि निरंजनला घेऊन त्या झपझप घळीकडे निघाल्या. भुऱ्या त्यांच्यामागून निघाला. तुळसानं हाक मारली. तो थांबला, मागे बघितलं, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. घळ आणि तळ यांच्या बरोबर मध्ये एक उंचवटा होता. तिथे पोचल्यावर त्याचे पाय जड झाले. पुढे जाववेना, मागे फिरवेना. बाईंनी घळीच्या तोंडाशी पिल्लं सोडली, गोणीही तिथेच राहू दिली आणि केंद्रातला नियम म्हणून निरंजननं दिलेल्या जंतुनाशकानं दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले. टेकाडावरून एक सावली खाली सरकली. पिल्लांची कुईकुई ऐकू आली आणि थांबली. ती त्यांना घेऊन आत गेली होती.

परतताना त्यांना भुऱ्या दिसला. तो अजून उंचवट्यावरच होता.

राखणीचा कुत्रा कळपाकडे पाठ करून बसतो. तोंड परक्याकडे. त्यावरून लांबूनही ओळखता येतं, त्याचं कोण आणि परकं कोण. भुऱ्या घळीकडे तोंड करून बसला. उठला. तळाकडे तोंड करून बसला. पुन्हा उठला. गोल गोल फिरत राहिला. एका बाजूला नव्या लोकरीची मेंढरं, दुसऱ्या बाजूला जुन्या लोकरीची पिल्लं. दोन्हीकडे पाठ करायची आणि तोंड करायला बाजूच नाही.

“बाई, हा आता कुणाचा होईल?” निरंजननं विचारलं. “आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर...”

“मला माहीत नाही.”

“अंदाज?”

“अंदाजसुद्धा नाही. एवढी वर्षं कुत्री बघितली, पण बाहेर कुठे आहे हे न सापडलेला कुत्रा मी पहिल्यांदा बघतेय.”

त्या बोलत बोलत उंचवट्यापाशी आल्या. “काय रे भुऱ्या,” म्हणत त्यांनी सवयीनं हात पुढे केला. रस्त्यावर बसलेला असताना याच हातानं त्यांनी त्याच्या पंजातला काटा काढला होता. पण तेव्हा त्याच्याजवळ राखायला काही नव्हतं.

भुऱ्याचं फिरणं थांबलं. त्यानं मान उचलली. जंतुनाशकानं धुतलेल्या त्या हाताला लोकरीचा वास नव्हता, दुधाचा नव्हता, लांडगीचा नव्हता. त्याच्या मानेवरचे केस हळूहळू उभे राहिले. मग तो बसला, एका कुशीला तळ आणि दुसऱ्या कुशीला घळ ठेवून, तोंड बाई आणि निरंजन यांच्याकडे करून. आणि माळभर ऐकू जाईल असा भुंकू लागला.